चिप आपली, फॅब स्पर्धकाची: काम देताना काय बघायचं

चिप डिझाइनच्या कंपनीत नवीन लागलेल्या पोरांचा एक ठरलेला प्रश्न असतो, की जी कंपनी बाजारात आपल्याच समोर दुकान मांडून बसलीय तिच्याच फॅबमध्ये, म्हणजे चिपच्या कारखान्यात, आपली चिप बनवायला द्यायची म्हणजे वेडेपणा नाही का, उद्या त्यांनी डिझाइन ढापलं तर? प्रश्न बरोबर आहे पण भीती चुकीच्या जागी आहे. ज्याला तुमची चिप उकलून बघायचीच आहे तो बाजारातून चार नग विकत घेतो, थर घासून फोटो काढतो आणि बघतो, हा रीतसर धंदा आहे आणि तो करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यासाठी फॅब चालवायची गरज नाही.

खरी भीती रांगेची आहे. विरोधी पॅनलवाल्याचा ऊस साखर कारखाना चोरत नाही, फक्त तोड उशिरा लावतो, तोवर ऊस रानात वाळतो, वजन घटतं आणि कागदावर कुणाचीच चूक नसते. फॅबमध्ये अगदी हेच होऊ शकतं. तुमचे वेफर, म्हणजे ज्यांच्यावर चिप्स बनतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, तीन आठवडे मागे पडले, कारण विचारलं तर "टूल डाऊन होतं". बस. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं निम्म्याहून जास्त रांगेबद्दल आणि पैशाबद्दल आहे, चोरीबद्दल थोडंच.

आधी ठरवा, जायलाच हवं का

मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये टीएसएमसी काढली तेव्हाच धोरण ठेवलं की आम्ही स्वतःच्या चिप्स विकणार नाही, फक्त दुसऱ्यांच्या बनवणार. तैवानमधलीच यूएमसी तिच्या आधीची, १९८० ची, पण ती स्वतःचे प्रॉडक्टही विकायची आणि बाहेरचं कामही घ्यायची, गिऱ्हाइकं बिचकायची, शेवटी नव्वदच्या दशकात तिनं डिझाइनचे गट वेगळे काढून दिले आणि शुद्ध फाउंड्री झाली, फाउंड्री म्हणजे दुसऱ्यांच्या चिप्स बनवून देणारी फॅब. १९९७ ची मीडियाटेक तिथूनच निघालेली. म्हणजे स्पर्धकाच्या घरी जायची भीती ही काय आजची नाही, तिच्यामुळे एक अख्खी कंपनी बदलली.

तुमची चिप २८ नॅनोमीटर किंवा त्याहून जाड नोडवर (नोड म्हणजे चिप बनवायच्या तंत्राची पिढी, आकडा लहान तेवढी पुढची) होत असेल तर हा लेख तुम्हाला फारसा लागत नाही. टीएसएमसी, यूएमसी, ग्लोबलफाउंड्रीज, पीएसएमसी, पर्याय भरपूर आहेत आणि यातलं कुणी तुमच्या मायक्रोकंट्रोलरशी स्पर्धा करत नाही. पेच वरच्या टोकाला आहे. चीन सोडला तर अगदी पुढच्या नोडवर मोठ्या संख्येनं लॉजिक चिप्स बनवणारे तीनच, टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल, आणि यातले दोघे स्वतःच्या चिप्स विकतात. टीएसएमसीकडे जागा नाही, किंवा भाव झेपत नाही, किंवा सगळी अंडी एका बेटावर नकोत असं बोर्डानं ठरवलं, की दुसरा जो कुणी मिळेल तो स्पर्धकच असणार.

आणि हे नवलाईचं काही नाही. ॲपलनं एप्रिल २०११ मध्ये सॅमसंगवर आयफोनची नक्कल केल्याचा दावा ठोकला, इकडे कोर्टात वकील भांडतायत आणि तिकडे टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या सॅमसंग फॅबमध्ये आयफोनचेच प्रोसेसर निघतायत. २०१३ च्या आयफोन ५एस मधला ए७ सुद्धा सॅमसंगनंच बनवला. गूगलनं पिक्सेलचे टेन्सर चिप २०२१ पासून चार पिढ्या सॅमसंगकडून बनवून घेतले, ज्यांचा गॅलक्सी त्याच शोरूममध्ये शेजारच्या टेबलावर असतो, आणि पाचवा टेन्सर २०२५ मध्ये टीएसएमसीकडे नेला. भांडण आणि धंदा वेगवेगळ्या खिशात ठेवता येतात, फक्त दोन्ही खिसे शिवलेले हवेत.

काय द्यायचं, काय नाही

सुरुवात एनडीएनं, म्हणजे गुप्ततेच्या करारानं, होते, मग फाउंड्री पीडीके देते, म्हणजे त्यांच्या प्रोसेसचे नियम, मॉडेल्स वगैरे. शेवटी तुम्ही त्यांना जीडीएस फाइल देता, चिपच्या सगळ्या थरांच्या आकृत्या. ही द्यावीच लागते, तिच्यावरूनच मास्क, म्हणजे त्या आकृत्या वेफरवर उतरवायचे साचे, बनतात. पण आरटीएल, म्हणजे डिझाइनचा मूळ कोड, द्यायचं काहीच कारण नाही, आर्किटेक्चरची कागदपत्रं तर अजिबात नाही, आणि टेस्ट प्रोग्रॅम शक्यतो स्वतःच्या ताब्यात किंवा तिसऱ्या पार्टीकडे ठेवा, कारण कुठल्या स्पीडला किती चिप पास होतात हे टेस्टच्या आकड्यांवरूनच कळतं आणि तो आकडा म्हणजे तुमच्या पुढच्या वर्षीच्या किमतीचं गणित आहे.

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: फोरकास्ट. फाउंड्रीला तुम्ही पुढच्या वर्षभराचा महिन्यामहिन्याचा वेफरचा अंदाज देता, त्याशिवाय जागा मिळत नाही. हा कागद स्पर्धकाच्या सेल्सवाल्याच्या हातात पडला तर त्याला जीडीएसची गरजच काय? कुठल्या महिन्यात आकडा चढतो त्यावरून लाँच कळतो, किती चढतो त्यावरून तुम्हाला गिऱ्हाईक केवढं मिळालंय ते कळतं. इंजिनिअर लोक जीडीएस सात कुलपात ठेवतात आणि फोरकास्टची एक्सेल शीट साध्या मेलवर फिरत असते, हे बघून खरंच डोक्याला हात लावावासा वाटतो. तेव्हा एनडीएमध्ये डिझाइन डेटाइतकंच प्लॅनिंग डेटाचंही कलम स्पष्ट लिहून घ्या, चिपला सांकेतिक नाव द्या, आणि अंतिम गिऱ्हाइकाचं नाव कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका.

समोरच्या कंपनीत भिंत कुठे आहे ते विचारा. सॅमसंगनं २०१७ मध्ये फाउंड्रीचा विभाग स्वतःच्या एक्सिनॉस चिप्स करणाऱ्या सिस्टिम एलएसआय विभागापासून वेगळा केला, इंटेलनं २०२४ पासून फाउंड्रीचा नफातोटा वेगळा दाखवायला सुरुवात केली (आणि २०२३ चा ७ अब्ज डॉलरचा ऑपरेटिंग तोटा बघून सगळेच गार पडले). ही भिंत बाहेरून बरी दिसते, पण विचारायचे प्रश्न साधे आहेत. आमचा डेटा कुठल्या सर्व्हरवर, त्याला हात कोण लावू शकतं, लॉग आम्हाला बघायला मिळतील का, आमच्या कामावरचा सपोर्ट इंजिनिअर उद्या तुमच्याच प्रॉडक्ट टीममध्ये गेला तर मधे किती महिने गॅप, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फॅबमध्ये जागा कमी पडली तर कुणाचा लॉट (वेफरचा गठ्ठा) आधी जाईल हे ठरवणारा माणूस कुणाला रिपोर्ट करतो. शेवटच्या प्रश्नावर समोरचे जरा चुळबुळ करतात. करू द्या.

एकदा गेलात की सहज परत येता येत नाही

बाहेरच्या लोकांना वाटतं, फाइल इकडे दिली तशी तिकडे देऊ. तसं नसतं. सॅमसंगचा आणि टीएसएमसीचा नोड नावाला सारखा असला तरी स्टँडर्ड सेल (तयार छोटी सर्किटं) वेगळे, एसरॅम (चिपमधली मेमरी) वेगळी, सर्डेससारखे (वेगानं डेटा पाठवणारं सर्किट) विकत घेतलेले आयपी, म्हणजे डिझाइनचे तयार तुकडे, त्या-त्या प्रोसेससाठी वेगळे, त्यामुळे फिजिकल डिझाइन जवळजवळ पहिल्यापासून करावं लागतं, टायमिंग परत, पॉवर परत, मास्कचा खर्च परत.

२०१५ मध्ये ॲपलनं आयफोन ६एसचा ए९ एकाच वेळी दोघांकडून बनवून घेतला, सॅमसंग १४ नॅनोमीटर आणि टीएसएमसी १६. सॅमसंगवाला ९६ चौरस मिलीमीटर, टीएसएमसीवाला १०४.५, म्हणजे एकच चिप पण दोन वेगळी डिझाइन. मग लोकांनी बॅटरीच्या टेस्ट लावल्या, कुणाच्या फोनात कुठली चिप आहे हे शोधायची ॲप निघाली, शेवटी ॲपलला सांगावं लागलं की प्रत्यक्ष वापरात फरक फक्त २ ते ३ टक्के आहे. पुढच्या वर्षीचा ए१० एकट्या टीएसएमसीकडे गेला. ॲपलकडे पैसा होता, माणसं होती, तरी त्यांनी हा खेळ पुढच्या पिढीला चालू ठेवला नाही, यावरून तुम्ही काय ते समजा.

मग दुसरा सोर्स ठेवायचाच नाही का? ठेवायचा, पण त्याच चिपचा नाही. चिपचे तुकडे करून वाटा. एएमडीनं २०१९ च्या रायझन ३००० प्रोसेसरमध्ये कोअरवाला तुकडा टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर आणि बाहेरच्या जोडण्यांचा, आयओवाला, ग्लोबलफाउंड्रीजच्या १२ वर ठेवला. स्वतःची फॅब असलेल्या इंटेलनं डिसेंबर २०२३ च्या मीटिअर लेक प्रोसेसरमध्ये सीपीयूचा तुकडा स्वतः बनवला आणि ग्राफिक्स, एसओसी, आयओ टीएसएमसीला दिले. किंवा पिढी वाटा, जसं क्वालकॉमनं २०२१ च्या शेवटी स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर काढली, आणि मे २०२२ मध्ये ८ प्लस जेन १ टीएसएमसीवर आणली. पाच-सहा महिन्यांत कुणी फाउंड्री बदलत नाही, म्हणजे दुसरीकडचं काम आधीपासून चालू असणार. तुम्हालाही बदलायचं असेल तर निर्णय भांडण झाल्यावर घेऊन उपयोग नाही, दीड-दोन वर्षं आधी घ्यावा लागतो.

भाव वेफरचा नाही, चालणाऱ्या चिपचा

स्पर्धक फाउंड्रीला गिऱ्हाईक हवं असतं त्यामुळे वेफरचा भाव ती पाडून देते. इथे मॅनेजमेंट हमखास खुश होते. कागद घ्या आणि मांडा. ३०० मिलीमीटरचा वेफर, १०० चौरस मिलीमीटरची चिप, कडेचं वाया गेलेलं सोडून साधारण ६४० चिप्स बसतात. समजा एका फॅबचा दोषांचा दर चौरस सेंटीमीटरला ०.१ आहे, तर ढोबळ सूत्रानं ९० टक्के म्हणजे ५७९ चिप्स चांगल्या निघतील. दुसऱ्याचा ०.५ असेल तर ६१ टक्के, म्हणजे ३८८. आता पहिल्याचा वेफर १०,००० डॉलर धरा आणि दुसरा ८,००० ला देतोय असं धरा. पहिल्याकडे चालणारी चिप पडली १७.३ डॉलरला, दुसऱ्याकडे २०.६ ला. वेफर २० टक्के स्वस्त आणि चिप जवळपास तेवढीच महाग, वर खराब चिप तपासण्यात टेस्टचा वेळ वाया गेला तो वेगळाच. आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही घाला, पण चिप मोठी असेल तर हे अंतर भयानक वाढतं: ८०० चौरस मिलीमीटरला त्याच दोन दरांनी ४५ टक्के आणि २ टक्क्यांहूनही कमी.

म्हणून नवीन नोडवर जाताना करार वेफरवर न करता चांगल्या चिपवर करता येतो का बघा, निदान पहिलं वर्षभर. फाउंड्रीला स्वतःच्या यील्डवर, म्हणजे शंभरात किती चिप चांगल्या निघतात त्यावर, विश्वास असेल तर ती तयार होते, नसेल तर विषय बदलते, दोन्ही उत्तरांतून माहिती मिळतेच. आणि थेट पूर्ण मास्क सेट करू नका, आधी शटलवर, म्हणजे अनेकांच्या चिप्स एकत्र जाणाऱ्या वेफरवर, एक टेस्ट चिप टाका, त्यात तुमची एसरॅम आणि सगळ्यात अवघड आयपी घाला, ती हातात आल्यावर मग बोला.

करारात दोन सापळे असतात. एक, "घ्या नाहीतर भरा", म्हणजे एवढे वेफर उचलायचेच, नाही उचलले तरी पैसे द्यायचे. एएमडीनं २००९ मध्ये फॅब वेगळ्या काढून ग्लोबलफाउंड्रीज झाली तेव्हा वेफर घ्यायचा करार मागे राहिला, पीसीची विक्री घसरली आणि डिसेंबर २०१२ मध्ये न घेतलेल्या वेफरपायी ३२ कोटी डॉलर द्यायचं कबूल करावं लागलं. २०१६ मध्ये दुसऱ्या फाउंड्रीकडे जायची मोकळीक मिळवायला परत १० कोटी डॉलर आणि वर शेअर्सचे वॉरंट (ठरलेल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क). आणि ही तर एकेकाळची स्वतःचीच फॅब बरं का!

दुसरा सापळा म्हणजे नोडच रद्द होणं. ग्लोबलफाउंड्रीजनं ऑगस्ट २०१८ मध्ये ७ नॅनोमीटर सोडून दिलं, एएमडी तोवर टीएसएमसीशी बांधलेली होती म्हणून वाचली. इंटेलनं जुलै २०२१ मध्ये २०ए नोडसाठी क्वालकॉमचं नाव वाजतगाजत जाहीर केलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो नोड स्वतःच्या ॲरो लेक प्रोसेसरसाठीही वापरायचा नाही असं ठरवून काम बाहेर दिलं. यासाठी कलम हवं: नोड थांबला तर मास्क आणि आयपीचा खर्च कोण परत करणार, पर्यायी नोडवर न्यायला मदत कोण करणार, आणि आधी किती महिने सांगणार. स्लाइडवरचा रोडमॅप करारात धरला जात नाही.

अल्टेराची गोष्ट वेगळीच. एफपीजीए, म्हणजे विकल्यावरही आतलं सर्किट बदलता येणाऱ्या चिप्स, करणाऱ्या अल्टेरानं २०१३ मध्ये इंटेलच्या १४ नॅनोमीटरशी करार केला, चिप लांबली, आणि चिप यायच्या आधी इंटेलनं १६.७ अब्ज डॉलरला अल्टेराच विकत घेऊन टाकली. फाउंड्रीला गिऱ्हाईक टिकवायचा हा पण एक मार्ग म्हणायचा.

पॅकेजिंगचं वेगळं धरा

पॅकेजिंग म्हणजे वेफरमधून कापलेली चिप जोडून कवचात बसवणं. हा भाग पूर्वी कुणी विचारात घ्यायचं नाही, आता निम्मी लढाई इथेच आहे. २०२३ मध्ये एआय चिप्सची टंचाई झाली तेव्हा टीएसएमसीच्या कोवॉस पॅकेजिंगची जागाच सगळ्यात आधी संपली. चिपवाल्या वेफरपेक्षा मोठी रांग पॅकेजिंगला होती.

चांगली गोष्ट अशी की स्पर्धकाकडे फक्त पॅकेजिंग देणं हे फॅब देण्यापेक्षा बरंच कमी धोक्याचं आहे, कारण त्यांना तुमचा जीडीएस लागत नाही, बंप (चिपखालचे जोडणीचे ठिपके) कुठे आहेत, उष्णता कुठे तयार होते, जाडी किती, एवढं पुरतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंटेलनं कॅबी लेक-जी जाहीर केली, एकाच पॅकेजमध्ये इंटेलचा सीपीयू आणि चक्क एएमडीचा रेडिऑन ग्राफिक्स, शेजारी एचबीएम, म्हणजे थर रचलेली वेगवान मेमरी. ग्राफिक्स आणि मेमरीच्या मधे इंटेलचा ईएमआयबी पूल, म्हणजे सबस्ट्रेटमध्ये (पॅकेजच्या तळपाटीत) गाडलेला सिलिकॉनचा छोटा तुकडा. दोघे जन्माचे वैरी, पण एएमडीनं तयार चिप हातात दिली, आतलं काही उघडं केलं नाही, काम झालं. उलटीकडून बघायचं तर २०२४ च्या लूनर लेकमध्ये मुख्य तुकडे टीएसएमसीचे आणि जोडणी इंटेलची.

पण पॅकेज कुठे होणार हे टेपआउटच्या, म्हणजे अंतिम डिझाइन फॅबला द्यायच्या, आधी ठरवा. ईएमआयबीसाठी चिपच्या कडेला पुलाच्या जागी दाट बंप लागतात आणि बाकी ठिकाणी विरळ, इंटरपोजरचं, म्हणजे सगळ्या तुकड्यांखाली अख्खा सिलिकॉनचा थर असतो त्याचं, गणित वेगळं. चिप बनून आल्यावर "आता तिकडे जागा मिळतेय तर तिकडे देऊ" असं चालत नाही. शक्य असेल तर तटस्थ ओसॅट, म्हणजे फक्त पॅकेजिंग आणि टेस्ट करून देणारी कंपनी, बघा, एएसई, ॲमकॉर वगैरे. ईएमआयबीचं कामही ॲमकॉरच्या कोरियातल्या सोंगडोच्या प्लांटमध्ये करायचं २०२५ मध्ये ठरलंय, म्हणजे तंत्र स्पर्धकाचं पण हात तिसऱ्याचे असा मधला मार्गही निघू लागलाय.

पॅकेजिंगमध्ये भांडण होतं ते मेलेल्या चिपवरून. वेफर फॅबमधून निघाला, प्रोबवर, म्हणजे कापायच्या आधीच्या टेस्टला, पास झाला, पॅकेजमध्ये गेला आणि फायनल टेस्टला फेल. फॅब म्हणते आमच्याकडून चांगला गेला, पॅकेजवाला म्हणतो आला तेव्हाच क्रॅक होता, आणि मधे तुम्ही. त्यात शेजारी महागडी एचबीएम चिकटवलेली असेल तर एका खराब तुकड्यापायी सगळं पॅकेज कचऱ्यात. त्यामुळे वेफर पोचल्या दिवशीच तपासणी, कडांचे फोटो, वेफर मॅपची (कुठली चिप चांगली, कुठली खराब याच्या नकाशाची) प्रत तिन्ही पार्ट्यांकडे, किती टक्क्यांपर्यंतचं नुकसान कुणाच्या खात्यावर आणि त्यात मेमरीची किंमत धरलीय की नाही, हे सगळं आधी लिहून घ्या. फेल झालेले नग उघडून बघायचे असतील तर ते तिसऱ्या लॅबमध्ये. स्पर्धकाच्या लॅबमध्ये तुमची चिप उघडायला देऊ नका, इथे मात्र जुनी भीती बरोबर आहे.

थोडा माल पॅकेज न करता वेफरच्या रूपात तटस्थ ठिकाणी नायट्रोजनच्या कपाटात ठेवायची सवय लावा, याला डाय बँक म्हणतात. रांग लांबली तर तोच माल तुम्हाला तारतो, आणि वाटाघाटीत आवाजही जरा वर चढवता येतो.

पुण्यातल्या छोट्या टीमसाठी

आपल्याकडच्या स्टार्टअपना चिप डिझाइनला मदत देणाऱ्या केंद्राच्या डीएलआय योजनेत डिझाइनचा पात्र खर्च ५० टक्क्यांपर्यंत, अर्जामागे जास्तीत जास्त १५ कोटी रुपये, परत मिळू शकतो, आणि महागडी ईडीए टूल्स (चिप डिझाइनची सॉफ्टवेअर) सरकारी सी-डॅकच्या चिपइन सेंटरमार्फत मिळतात, तेव्हा सध्या अर्ज घेतले जातायत का ते आधी बघा. १८० नॅनोमीटर पुरत असेल तर मोहालीची एससीएल ही सरकारी फॅब आहे. धोलेऱ्याची टाटा-पीएसएमसी फॅब २८ पासून पुढच्या जाड नोडसाठी आहे. पॅकेजिंगला साणंदचं नाव सगळे घेतात, पण तिथली मायक्रॉन स्वतःची मेमरी पॅक करायला आहे, तुमचं काम घ्यायला नाही. सीजी पॉवरचा साणंदचा प्लांट बाहेरचं काम घ्यायला आहे, पण त्यात भागीदार रेनेसास आहे, जगातल्या मोठ्या मायक्रोकंट्रोलर विक्रेत्यांपैकी एक. तुम्ही सेन्सरची चिप करत असाल तर बिनधास्त जा. मायक्रोकंट्रोलर करत असाल तरी जा, फक्त फोरकास्टच्या कलमावर सही व्हायच्या आधी महिन्याचे आकडे पाठवू नका.